घटना घरीच आहे ना?

घटना हा शब्द मले एकाच अर्थानं माहीत व्हता. माही शाळा सातवीपर्यंत, तेबी अर्धी. कापूस येचाच्या दिवसात मायसंग वावरात अन् उरलेल्या दिवसात वर्गात, त्याच्यानं पुस्तकातले बरेचसे शब्द माह्यापर्यंत आलेच नाईत. पुस्तकाच्या सुरवातीले "संविधान" लिहेल राहे, ते आमी परिपाठाले उभं राहून एका दमात म्हनो. पन त्यालेच घटनाबी म्हनतात हे मले कोनी सांगतलं नव्हतं. आमच्या गावात त्या सालाईत घटना म्हनजे एकच. कोनी फवारनीचं औषध पेलं का पोलीस पाटील मोबाईलवर तहसीलले सांगे, "सायेब, गावात घटना झाली." मंग सारं गावच तसं बोलू लागलं. मेला म्हनाची हिंमत नसे, औषध पेला म्हनाची तं नाईच नाई. "त्याईच्या घरी घटना झाली," येवढंच, तेबी तोंडाले पदर लावून.

आमच्या भिंतीले भिंत लागून वैनीचं घर. म्हनजे नात्यातली नाई, शेजारची, पन मी तिले वैनीच म्हनो. तिच्या घरी घटना झाली, म्हनजे तिच्या नवऱ्याची, तवा लेक माह्या पोटात व्हती, अन् सासरी मी नवीन. पोटुशा बाईनं तिकडं जाऊ नये म्हनून मले कोनी जाऊ देल्लं नाई, मी आपली भिंतीआडून आयकत उभी. तहसीलची गाडी आली. एक सायेब वैनीच्या दारात उभा राहून इचारू लागला, "घटना घरी झाली की शेतात? कोणी हात लावला का? आहे तसंच ठेवा." ते शब्द माह्या कानात जाऊन बसले, अन् मी त्याईले काढू शकली नाई.

मंग आमचीच पाळी आली. बीटीचं बियानं आलं तवा दुकानवाला म्हने याले अळी लागतच नाई. पैल्या सालाईत नाई लागली, खरं बोललं पायजे. घरावर टिनं आली ते त्याच कापसाची. पन मंग लागली ते अशी का वरून बोंड हिरवंगार, अन् फोडलं का आतमंदी गुलाबी अळी आरामात बसेल. मालक, म्हनजे माहा नवरा, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून एकएक बोंड फोडत अन् फेकत, फोडत अन् फेकत. एक साल गेलं, दुसरंबी तसंच गेलं. त्याईचं बोलनंच कमी झालं. "पानी दे" म्हनत, "दार लाव" म्हनत, कामाचं बोलत. पन पैले हा मानूस बैलासंगबी गप्पा करे, बैलाले गावातल्या भानगडी सांगे. ते सारं बंद.

मले भेव भरलं. मले असंच आहे, भेव भरलं का मी ते उतरवू शकत नाई, काम करतानाबी कान तिकडंच राह्यते. मालक घरामागं गेले का मी झाडू घेऊन मांगं जाओ. फवारनीच्या औषधाचा डब्बा छपरीत खुटीले टांगेल राहे, तो मी काढला अन् लेकीच्या जुन्या गोधड्याच्या गठुड्यात खुपसला. म्हनलं, बाप्या मानूस लेकराच्या गोधडीले कायले हात लावन?

त्यात मालक सुरतले जाचं म्हनू लागले. गावची दोनतीन पोरं तिकडं साड्याच्या कारखान्यात व्हती. लोक म्हनत, "जाऊ दे ना वं, चार पैशे येतीन." माह्या जिवात मात्र एकच, हा मानूस माह्या डोळ्याआड झाला तं मी कोनामांगं झाडू घेऊन फिरू? त्याईले घरी राहू द्याचं तं घरी काम पायजे. अन् काम निघालं तं असं निघालं का अमडापूरकडं एका म्हाताऱ्याची पिठाची गिरनी इकाची व्हती, मोटर, पट्टा, जातं, सारं. आमच्या गावात गिरनी नव्हती, बाया डोक्यावर डबे घेऊन दुसऱ्या गावी जात. मालक गिरनी पाहून आले अन् जेवाले बसले तं बम दिवसानं हसले. म्हने, "चक्की टाकली तं पुरं गाव तुह्या दारात उभं राहीन. मंग मिजास नको करू."

मी त्या हसन्याकडं पाहतच राह्यली. पन गिरनी फुकटात येत नाई, अन् घरात इकासारखं काई उरलं नव्हतं. एक पोथी तेवढी व्हती.

पोथी मामाजीची, म्हनजे माह्या सासऱ्याची. मामाजीचे वडील बुलढान्याच्या एका वकिलाचा टांगा हाकत. वकील मोठा मानूस, त्याच्याकडं दिल्लीवून हे पुस्तक आलं व्हतं. देशाचा कायदा नवानवा झाला तवा हातानं लिहून, चित्रं काढून, त्या लिहेलाचाच छाप मारून थोडीशीच पुस्तकं काढली म्हने, त्यातलं एक. वकील वारला, पोरं नागपूरले गेली. जाताना गड्याईले म्हनले, तुमाले काय पायजे ते घ्या. कोनी तांब्याचा हंडा घेतला, कोनी खुर्ची. मामाजीच्या बापानं हे पुस्तक घेतलं. त्याले वाचता येत नव्हतं, अन् येत असतं तरी ते इंग्रजी. पन वकीलसायेब हात धुऊन ते उघडत, हे त्यानं रोज पाह्यलं व्हतं. हात धुऊन उघडतात म्हनजे पोथीच असन.

तवापासून ते आमच्या घरी पोथीच. काळ्या चामड्याचं पुठ्ठं, त्याच्यावर सोनेरी नक्षी, वजन असं का एका हातानं उचलत नाई. लाल फडक्यात बांधून पेटीत, पानापानात कडूनिंबाचा पाला. दिवाळी झाली का मामाजी तिले बाजीवर ऊन दाखवत. लेक माही त्याईच्या मांडीवर बसून चित्रातल्या बैलावर बोट ठेवे अन् "बईल, बईल" करे. अन् सव्वीस जानेवारीले शाळेत पोथीचा मान. झेंड्याजवळ टेबल मांडत, त्याच्यावर पोथी उघडून ठेवत, अन् गावातल्या बाया तिले हळदकुंकू वाहत. मीबी वाह्यलं. लग्न होऊन आली त्या साली नवी सून म्हनून पैला मान माहा व्हता. चांगलं चिमूटभर घेऊन उघड्या पानावर वाह्यलं अन् हात जोडले. मले वाटलं देवाचंच काई असन.

मोताळ्याचे एक रद्दीवाले चाचा गावात फेरी माराले येत. त्या साली दिवाळीनंतर आले तवा मामाजीची पोथी उन्हात व्हती. चाचा गाडी लावून जवळ आले.

"क्यों बडे भाई, ये क्या सुखा रहे?"

मामाजीले कमी आयकू येते. म्हने, "हाव, कापूस गेला औंदा."

"कापूस नाई हो, किताब! किताब!"

"कायद्याची पोथी हाय. हात धुऊन ये."

चाचा हसले, पन हात धुऊन आले. पानं उलटली, मांगच्या सह्याईची पानं पाह्यली, अन् त्याईचं हसनं गेलं. मालकाले बाजूले घेऊन म्हनले, "जिंदगीभर मी रद्दी तोलली, भाऊ. ही तराजूत टाकाची चीज नाई. पुन्यात एक सायेब हाय, जुन्या किताबा घेते. मी त्याले फोन करतो. पन आदमी येईपर्यंत कोनाले सांगू नको."

बापाची वस्तू इका म्हनाचं, मालकाच्या तोंडून कसं निंगन? मामाजीच बोलले. त्याईले किती आयकू गेलं कोन जाने. म्हने, "इका. माह्या बापानं टांगा हाकून आनली, मी उन्हात घालून जपली, आता पोरानं तिचं पीठ केलं तरी चालते. पन सुरतले नको जाऊ."

तं सायेब येनार येवढं आमाले माहीत व्हतं. कवा येनार, ते चाचाले इचारा म्हनलं तं चाचा म्हने, "आयेगा, आयेगा."

त्या दिशी मालक सकाळीच वावरात गेले. कापसाची पऱ्हाटी उपटाची म्हने. भाकरबी नाई नेली. मी इचारलं तं म्हनले, "येतो ना." मी चुलीपाशी बसेल, लेक मामाजीपाशी, अन् मोबाईल वाजला. मोबाईल घरी एकच, तो त्या दिशी मालक घरीच इसरले व्हते. घेतला तं खरखर येत व्हती. एका मानसाचा आवाज, शुद्ध पुस्तकी. नाव त्यानं सांगतलं ते खरखरीत गेलं.

"...मी निघालोय. मोताळा ओलांडलं. घटना घरीच आहे ना?"

माह्या हातातलं पीठ तसंच राह्यलं. म्हनलं, "कोन? कोन बोलून राह्यले?"

"घटना म्हणतोय मी, घटना. घरी आहे ना?"

"नाई जी," मी म्हनलं, "मालक तं शेतात हायेत."

"असू द्या शेतात. त्यांची गरज नाही. मला फक्त घटना बघायची आहे. कोणाला हात लावू देऊ नका. पाणी लागू देऊ नका. कापडात गुंडाळून आहे तशी ठेवा. मी पोहोचतोच."

फोन कटला. मी तिथंच. आहे तशी ठेवा. कोणाला हात लावू देऊ नका. तेच शब्द, भिंतीआडून आयकलेले. कापडात गुंडाळून. अन् मालक शेतात. मी गठुड्याकडं धावली, एकएक गोधडी फेकली, झटकली. डब्बा नव्हता.

मंग मले काई समजलं नाई. मी धावली. पायात चप्पल नाई, डोक्यावर पदर नाई, हाताले पीठ तसंच. पांदनीनं धावता धावता तोंडातून एकच निंगे, "घटना झाली! माह्या घरी घटना झाली!" पारावर बसेल मानसं उठली. कोनी "काय झालं, कवा?" म्हने, मले सांगाले दम नव्हता. मांगून पावलं वाजू लागली, कोनाची तरी बैलगाडीबी खडखडली. धुऱ्यावरून पाह्यलं तं मालक वावरात उभे, समोर खड्डा, एका हातात पहार अन् दुसऱ्या हातात डब्बा.

मी किंचाळली. जाऊन त्याईच्या हाताले लटकली. "ठेवा! ठेवा तो खाली!"

मालकानं मले पाह्यलं, अन् पैला प्रश्न इचारला तो मी मरेपर्यंत इसरनार नाई.

"लेक कुठी हाय?"

मी इकडंतिकडं पाह्यलं. कडेवर लेक नव्हती. मी आनलीच नव्हती. मले आठवेना का तिले कोनापाशी सोडलं, चूल पेटेल व्हती का इझेल, दार उघडं व्हतं का लावेल.

"घरी," म्हनलं. "मामाजीपाशी असन."

"असन?"

मी गावाकडं वळून पाह्यलं.

"डब्बा तू लेकीच्या गोधडीत ठेवला व्हता," ते हळूच बोलले, अन् ते हळू बोलनं मले मारन्यापेक्षा जड गेलं. "आज पाह्यलं तं झाकन ढिलं. गोधडीले वास येत व्हता. तेच पांघरून लेकरू झोपते. तुले काई वाटलं नाई? म्हनून गाडाले आनला."

खड्डा त्या डब्ब्यासाठी व्हता. मी खाली बसली. मले वर पाहवेना. मी ज्या मानसाच्या जिवासाठी डब्बा लपवला त्याले त्याची गरजच नव्हती, अन् ज्या लेकराचा काई गुन्हा नाई त्याच्या उशाशी मी तो ठेवला व्हता.

तेवढ्यात मांगची मानसं पोहोचली. पैला ओरडला, "अरे, हा तं जित्ता हाय बे!"

गाडीवाला हापत हापत म्हने, "जित्ता हाय? मी तं तुले आनाले गाडी जुपून आलो न भाऊ."

"आता आनलीच हाय तं पऱ्हाटी घेऊन जा," मालक म्हनले. कोनीतरी हासलं. मालक हासले नाईत. त्याईनं माह्याकडं पाह्यलं. "तुले वाटलं मी पेलं."

माहे डोळे त्या डब्ब्यावरच व्हते.

"म्हनजे तू रोज मांगं मांगं झाडू घेऊन येत व्हती ते..." अन् ते खड्ड्याकडं वळले. पहारीनं माती लोटली, डब्बा गाडला, अन् माह्यापुढं चालू लागले. मी मांगून.

इकडं घरी काय झालं ते मले मांगून बायाईनं सांगतलं, हरेकीनं आपलं थोडं जोडून. मी ओरडत गेली तशा बाया आमच्या घरात जमल्या. पैली वैनी. तिनं लेकीले उचललं, चूल पाह्यली, इझवली. मंग आपल्या घरी जाऊन भाकरी टाकल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाई, शेजारचे भाकर आनून देतात, तिले आमच्याकडं कडू भाकर म्हनतात. बाकीच्या बाया पदर घेऊन मामाजीच्या भवताल बसल्या अन् रडू लागल्या.

पोथी इकाची ठरली तवापासून मामाजी रोज तिले मांडीवर घेऊन बसत, त्या दिशीबी बसेल व्हते. त्याईले वाटलं, पोथी आज चालली म्हनून गाव तिले पोचवाले आलं.

एक म्हातारी म्हने, "मामाजी, कसं झालं हो हे?"

"काय करता माय," मामाजी म्हनले, "जाचं ते जातेच. लय जपलं व्हतं."

"उमर काय व्हती हो!"

"उमर झाली न. माह्या बापाच्या काळची."

बाया एकमेकीकडं पाहू लागल्या. म्हनल्या, दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अन् आनिक जोरात रडल्या. मामाजीचेबी डोळे भरले. येवढ्यात दारात कार थांबली अन् पुन्याचे सायेब उतरले. चष्मा, खांद्याले पिशवी. दारात चपलाईचा ढीग, आत रडनं. सायेबानं बूट काढले अन् अवघडून एका कोपऱ्यात उभे राह्यले. म्हनले, "माझं येणं चुकीच्या वेळी झालं का?"

मामाजीनं त्याईचे हात पाह्यले, अन् नेमकं हेच त्याईले आयकू आलं. "बराबर आले सायेब. सारे तुमचीच वाट पाहून राह्यले. हात धुवा अन् पाहा."

सायेबानं हात धुतले, पिशवीतून पांढरे हातमोजे काढून घातले. ते हातमोजे पाहून बायाईले वाटलं डाक्टर हाय. रडनं थांबलं. सायेबानं पान उलटलं, अन् आमी अंगनात आलो तवा आतून त्याईचा आवाज आला.

"हे कुंकू कधीच पुसायला हवं होतं. आता अवघड आहे."

अन् लगेच आमच्या गावची सगळ्यात तिखट बाई, तिचा आवाज: "ओ सायेब! लाज हाय का काई? मयत अजून घरी आली नाई अन् तुमी पोरीचं कुंकू पुसाले निंगाले? पुन्यात असंच राह्यते का?"

"अहो, मी... पानावरचं कुंकू..."

"कायचं पान अन् कायचा चुना!"

मालक दारात उभे राह्यले. मी त्याईच्या मांगं, भिंतीले चिकटून. मालकानं भवताल पाह्यलं, पदर घेतलेल्या बाया, इझेल चूल, मोजे घातलेला मानूस. म्हनले, "कोन मेलं?"

तिखट बाई म्हनली, "अगं माय, हा तं चालत आला." मंग साऱ्याईनं मांगं मले पाह्यलं. जमीन फाटाची म्हनतात ते तवा मले समजलं. हाताले पीठ वाळून चिकटेल, पाय काट्यानं भरेल. मालकानं मले सोडवलं नाई, पन डब्ब्याचं सांगतलंबी नाई. येवढंच बोलले, "फोन बराबर आयकू नाई आला तिले."

सायेबाचा चेहरा पाहाले पायजे व्हता. त्याईले हळूहळू उमगलं. "मी घटना म्हणालो," ते म्हनले, "मी म्हणालो घटना आहे तशी ठेवा..." मोजे काढले, खिशात घातले. मालकाले हात जोडले. मले जोडले. मले वाटलं, सायेब, हात नका जोडू, माह्या अडानीपनाले कोनी हात जोडू नका.

बाया उठू लागल्या, कोनी हसू दाबे, कोनी कुजबुजे. अन् त्यातून वैनी आत आली. एका हातावर माही लेक, दुसऱ्या हातात फडक्यात बांधेल भाकरी अन् गंजात बेसन. तिले अजून माहीत नव्हतं. ती मालकाले पाहून उंबऱ्यातच थांबली. कडू भाकर एकदा आनली का वापस नेत नाईत. ठेवाची कुठी अन् कोनाले द्याची? ती भाकरी घेऊन दाराबाहेर वळली, मंग परत उंबऱ्यात आली. ते पाहून माही मान खाली गेली ते गेलीच. ह्या बाईनं स्वतः हे सारं पाह्यलं, अन् मी तिच्या दारावरून ओरडत गेली, खोटीच.

"आना वैनी," मालक म्हनले, "सकाळपासून काई खाल्लं नाई."

"अरे, जित्या मानसानं आपलीच कडू भाकर खाऊ नये बे," मांगून कोनी बोललं.

"मंग कवा खाऊ? मेल्यावर तं मले भेटनार नाई."

ते खाली बसले अन् खरंच खाऊ लागले, भुकेल्या मानसावानी, बोटं चाटून. मामाजीनं एक भाकर मोडून सायेबाले देल्ली. "खा सायेब. पोथी सासरी चालली, शेजारच्या पोरीनं शिदोरी आनली." सायेबानं मुकाट्यानं खाल्ली. मालकानं मलेबी एक तुकडा देल्ला, माह्याकडं न पाहता. मी खाल्ला.

पोथी गेली. कुंकवाच्या डागानं भाव उतरला म्हनून सायेब म्हनले नाईत, पन मले समजलं, कारन त्या पानावरून त्याईचं बोट हालत नव्हतं. मामाजीले त्याईनं इचारलं, "हे डाग कशाने?" मामाजी म्हनले, "डाग नोहे जी. ते आमच्या सुनाईचं हाय." सगळ्यात जाड डाग माहा, हे मले ओळखू येत व्हतं. लाल फडकं सायेबानं नेलं नाई, त्याईच्या जवळ खोका व्हता. त्या फडक्यात आता गिरनीच्या चाळन्या बांधेल राहतात.

गिरनीपुरते पैशे झाले. सुरत राह्यली. पट्ट्याचा आवाज चालू असला का मले समजते मालक कुठी हायेत. आता मी झाडू घेऊन मांगं जात नाई. गेली तं त्याईले समजन का काऊन आली, अन् ते समजनं मले नको. त्या दिशीबद्दल ते मले कधीच बोलले नाईत. लेकीच्या गोधड्या मात्र त्याईनं स्वतः नदीवर नेऊन धुतल्या, गावाच्या देखत, बाप्या मानसानं. मी उभी राहून पाह्यलं. सव्वीस जानेवारीले शाळेत टेबलावर सातवीचं पुस्तक ठेवलं, अन् बायाईनं त्यालेच हळदकुंकू वाह्यलं. मी मांगंच उभी राह्यली.

गावात मले घटनावाली म्हनतात. बाया डबे घेऊन येतात अन् इचारतात, "काय वं, आज घटना घरीच हाय ना?" मी गव्हाच्या डब्ब्यात डोकं खुपसते. अन् बाहेर बाजीवर मामाजी, हरेकीले तेच सांगतात, "माही पोथी गेली तवा सारं गाव रडलं. वकिलासाठीबी येवढं कोनी रडलं नव्हतं." त्याईले कोनी खरं सांगतलं नाई. त्या तिखट बाईनंबी नाई. ती तं म्हनते, "हाव मामाजी, मी सगळ्यात जोरात रडली."

वैनी मात्र कधी हासली नाई. एकदा दुपारी ती ज्वारी घेऊन आली, कोनी नव्हतं. मालक जात्यापाशी, मी डबा तोलत.

"तू त्या दिशी किती जोरात पळाली वं," ती म्हनली.

मले वाटलं आता ही बोलन, आता हिच्या मनातलं बाहेर येईन. म्हनलं, "वैनी, चुकलं माहं. तुमच्या दारावरून मी..."

"नाई, मी ते नाई म्हनत." तिनं पदर नीट केला. "तुले फोन आला व्हता. मले नाई आला. आमच्या घरी घटना झाली तवा मी अंगनात मिरच्या वाळू घालत व्हती."

मी तिची ज्वारी वर ओतली. थोडी सांडली, तिनंच खाली बसून येचली, दानादाना. मालकानं पट्टा चालू केला. पीठ पडू लागलं तसं तिनं हात खाली धरला, गरम पीठ मुठीत घेतलं अन् तसाच धरून राह्यली.

बाहेरून मामाजी वरडले, "कोन हाय? शेजारची पोर का? हिनंच पैली भाकर आनली व्हती पोथीसाठी!"

"हाव मामाजी," वैनी आवाज चढवून म्हनली, त्याईले आयकू जावं म्हनून. "लय चांगली पोथी व्हती."